हॅलो, आवाज येतोय का?

पूर्वी फोन उचलला की पहिलं वाक्य असायचं, "हॅलो, कोण बोलतंय?" आता कोण बोलतंय ते स्क्रीनवरच दिसतं. त्यामुळे पहिलं वाक्य झालंय, "हॅलो, आवाज येतोय का?" ऑफिसात दिवसातून दहा वेळा हे कानावर पडतं आणि दर वेळी मला २००८ सालचा एक कॉल आठवतो. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, तर तो किस्सा सांगूनच टाकतो. किस्सा छोटा आहे. त्याच्यामागचा इतिहास मात्र पार १९७४ पर्यंत मागे जातो, आणि तो मला फार उशिरा कळला.

तेव्हा आमचं ऑफिस हिंजवडीला होतं. टेबलावर दोन-दोन फोन. एक जुना, पिवळट पडलेला, ऑफिसच्या ईपीएबीएक्सला जोडलेला. घरी 'आज उशीर होईल' असं सांगायचं तर तो. दुसरा नवा कोरा, काळा, छोटा स्क्रीन असलेला, नेटवर्कच्या केबलवर चालणारा. क्लायंटशी बोलायचं तर हा. नवीन जॉइन झालेली पोरं विचारायची, एकच फोन दोन्हीकडे का लागत नाही? कारण तांत्रिक नव्हतंच, कायद्याचं होतं. भारतात इंटरनेट टेलिफोनी १ एप्रिल २००२ पासून कायदेशीर झाली, पण अर्धीच. इंटरनेटवरून परदेशातल्या फोनवर बोला, हरकत नाही. पण तो कॉल देशातल्या साध्या फोनच्या जाळ्यात सोडायचा नाही. ही भिंत २०१८ मध्ये आणि मग २०२१ च्या नियमांनी बरीच खाली आली. तोवर ती आमच्या टेबलावर दोन फोनांच्या मधोमध उभी होती.

तर मार्चमधली संध्याकाळ, साडेसातची वेळ. न्यू जर्सीत सकाळचे दहा. क्लायंट म्हणाला, एक मिनिट, आमच्या डेटाबेसवाल्याला पण घेतो, आणि त्यानं कॉल होल्डवर टाकला. संगीत वाजलं, थांबलं, आणि मग.. काहीच नाही. शांतता. आम्ही 'हॅलो हॅलो' करून थकलो. दोन मिनिटांनी आमचा मॅनेजर वैतागून मराठीत म्हणाला, "हा बाबा झोपला वाटतं. स्वतःला काडीचं कळत नाही आणि वर आपल्याला डिझाइन शिकवतो." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

रात्री ईमेल आली. डेटाबेसवाल्याची. मुद्देसूद, सभ्य, आणि शेवटी एकच ओळ मराठीत: मी डोंबिवलीचा आहे, तुमचं सगळं ऐकू येत होतं.

म्हणजे त्यांना आमचा आवाज जात होता, आम्हाला त्यांचा येत नव्हता. एकतर्फी आवाज. ही काही पहिलीच वेळ नव्हती. दोन महिने असं अधूनमधून चाललं होतं. पण आता प्रकरण वर गेलं, आणि वर गेलेलं प्रकरण खाली येताना कुणाच्या तरी डोक्यावर पडतंच.

आमच्याकडे नेटवर्क सांभाळायला एक मुलगा होता. नगरचा, डिप्लोमा झालेला, कंत्राटी. त्याचं नाव फारसं कुणी घ्यायचं नाही, सगळे त्याला 'नेटवर्क'च म्हणायचे. "ए, नेटवर्कला बोलाव रे." त्याचं नशीबही खराब. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. अर्ध्या भारताचं इंटरनेट रांगायला लागलं. तेव्हा त्यानं सांगितलं, "सर, केबल तुटलीय," आणि ते खरंच होतं, पेपरातही आलं होतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केबल दुरुस्त झाल्या. एकतर्फी आवाज मात्र तसाच राहिला. मग त्याचं प्रत्येक उत्तर लोकांना 'केबल तुटलीय'सारखंच वाटायला लागलं.

ईमेलनंतरच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनं मला विचारलं, तुझं काय मत? मी सॉफ्टवेअरवाला. मी म्हणालो, "नेटवर्कचाच प्रॉब्लेम दिसतोय." मला तांत्रिक अर्थानं म्हणायचं होतं. ऐकणाऱ्यांनी ते नाव म्हणून ऐकलं. मार्चअखेर त्याचं कंत्राट संपलं आणि नवं झालं नाही.

किस्सा इथे थोडा बाजूला ठेवतो, कारण फोनच्या तक्रारी मुळात येतात कुठून हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जुन्या फोनमध्ये तुम्ही बोलायला लागलात की दोन टोकांमध्ये एक वाट तुमच्यासाठी राखून ठेवलेली असायची. बोला, गप्प बसा, शिंका, वाट तुमचीच. इंटरनेटवर तसं नसतं. तिथे आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात आणि एकेक तुकडा पोस्टकार्डासारखा पेटीत टाकतात. सेकंदाला ५० पोस्टकार्डं. प्रत्येकावर १६० बाइट आवाज आणि ४० बाइट नुसता पत्ता-बित्ता. म्हणून १९७२ च्या जी.७११ या मानकाप्रमाणे ६४ किलोबिटचा आवाज वाटेत ८० किलोबिटचा होतो.

हा उद्योग पहिल्यांदा ज्यांनी करून दाखवला त्यांच्यात मुख्य माणूस म्हणजे डॅनी कोहेन. १९७४ च्या ऑगस्टमध्ये अर्पानेटवरून, कॅलिफोर्नियातली आयएसआय ही संस्था आणि एमआयटीची लिंकन लॅब यांच्यात पाकिटांतून आवाज गेला. तेव्हा इंटरनेट हा शब्दही रुळलेला नव्हता. (प्रोग्रामर मंडळींना कोहेन वेगळ्याच कारणासाठी माहीत असतात. बिग-एंडियन आणि लिटिल-एंडियन हे शब्द गलिव्हरच्या गोष्टीतून उचलून संगणकात आणले ते यांनीच, १ एप्रिल १९८० च्या एका टिपणात.)

कोहेन यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी होती, पण त्या काळच्या नेटवर्कवाल्यांना पटवणं कठीण होतं. नेटवर्क बांधणाऱ्यांचा धर्म काय? एकही पाकीट हरवता कामा नये. हरवलं तर परत पाठवा, आणि ते येईपर्यंत मागची सगळी थांबवून ठेवा. फाइल पाठवायला हे उत्तम. आवाजाला हे विष. वरातीत बँडवाल्याचा एक सूर चुकला म्हणून वरात थांबवून तो सूर परत वाजवत नाहीत. उशिरा आलेला आवाज हा हरवलेल्या आवाजाइतकाच निरुपयोगी. उलट जास्त वाईट, कारण तो मागच्यांनाही अडवतो.

त्यांच्यासारख्यांच्या रेट्यामुळे १९७८ मध्ये टीसीपीचे दोन तुकडे झाले. खाली नुसतं पत्त्यावर टाकणारं आयपी, वर हमी देणारं टीसीपी. आणि ज्यांना हमी नको, वेळ हवा, त्यांच्यासाठी यूडीपी, ज्याचं वर्णन जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८० मध्ये अवघ्या तीन पानांत उरकलं. आज आपण कुठल्याही ॲपवरून कॉल करतो तेव्हा आवाज सहसा त्या तीन पानांवरूनच चाललेला असतो.

आता 'आवाज तुटतोय' ही तक्रार घ्या. हमी सोडली, वेळ मिळवला, त्याची ही किंमत. पोस्टकार्डं निघतात ठरल्या अंतरानं, पोचतात मात्र कधी दोन एकदम, कधी खाडा. म्हणून फोनमध्ये एक छोटा डबा ठेवतात, आलेली कार्डं त्यात थोडा वेळ साठवायची आणि मग सारख्या अंतरानं वाजवायची. डबा मोठा केला तर आवाज तुटत नाही पण उशीर वाढतो. दोघं एकाच वेळी बोलायला लागतात आणि मग 'यू गो अहेड, नो नो यू गो अहेड' सुरू होतं. आयटीयूच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सुखात चालतं. पुणे ते न्यू जर्सी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे सरळ रेषेत गेला तरी ६३ मिलिसेकंद, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत जात नाही. शंभरेक तिथेच संपले. उरलेल्या पन्नासात फोन, राउटर, डबा, सगळ्यांनी संसार करायचा.

पण गंमत अशी की आवाज तुटण्याचं कारण बहुतेक वेळा समुद्रात नसतंच. ते ऑफिसच्या दारात असतं. कुणीतरी क्लायंटला मोठी फाइल चढवत असतं, आणि बाहेर जाणाऱ्या लाईनवर सगळी पाकिटं एकाच रांगेत उभी. आमच्याकडे संध्याकाळी सहाला बॅकअप सुरू व्हायचा आणि सहालाच क्लायंटचे कॉल. दोन महिने कुणाच्या डोक्यात आलं नाही! राउटर बनवणाऱ्यांनी मेमरी स्वस्त झाली म्हणून रांगा लांबच लांब करून ठेवल्या होत्या. एकही पाकीट हरवू नये हा तोच जुना धर्म. या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव जिम गेटिस यांनी दिलं ते २०१० च्या शेवटी, म्हणजे कोहेन यांनी तेच भांडण भांडून तीसेक वर्षं झाल्यावर. तर आवाज तुटत असेल तर आधी बघा, तुमच्या बाजूनं काय अपलोड चाललंय. आणि आवाजाच्या पाकिटांना रांगेत पुढे घ्यायची सोय राउटरमध्ये असते, ती बहुतेक ऑफिसांत कुणी चालू केलेली नसते.

दुसरी तक्रार प्रतिध्वनीची. 'मला माझाच आवाज परत ऐकू येतोय.' याचा इतिहास इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे आणि थोडा आपल्या घराजवळचाही. घरापर्यंत येणाऱ्या फोनच्या दोन तारा, त्यावरच जाणारा आवाज आणि त्यावरच येणारा. लांब पल्ल्याला मात्र जाणारा वेगळा, येणारा वेगळा, अशा चार तारा. जिथे दोनाच्या चार होतात त्या सांध्यावर थोडा आवाज सांडतो आणि बोलणाऱ्याकडे परत येतो. अंतर कमी असेल तर तो इतक्या लवकर येतो की कळतच नाही. अंतर वाढलं की कळतो.

आणि अंतर वाढलं ते उपग्रहांनी. पुणे-नाशिक रस्त्यानं जाताना नारायणगावजवळ आर्वी लागतं. तिथे १९७१ मध्ये भारताचं परदेशी दळणवळणासाठीचं उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. (खोडदची जीएमआरटी वेगळी. ती आकाशातले तारे ऐकते, आर्वी माणसांचं ऐकायची. आमच्या सहलीच्या बसमध्ये निम्मी पोरं दोन्हीत गोंधळ करायची.) उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला अर्धा. स्वतःचं वाक्य अर्ध्या सेकंदानं कानात पडत असेल तर माणूस चक्क बोबडा होतो, करून बघा.

१९२० च्या दशकापासून यावर एक ढोबळ उपाय होता: एकजण बोलत असताना उलट दिशेचा आवाज दाबून टाकायचा. उपग्रहावर तो चालेना. दोघं एकदम बोलले की शब्द कापले जायचे. खरा उपाय बेल लॅबमध्ये निघाला. जॉन केली, बेन लोगन आणि मन मोहन सोंधी यांनी असं यंत्र कल्पिलं की जे प्रतिध्वनी कसा येणार हे कॉल चालू असतानाच शिकतं आणि तेवढाच वजा करतं. सोंधी यांचा त्यावरचा निबंध १९६७ चा. दिल्ली विद्यापीठ, मग बंगलोरची आयआयएससी, मग अमेरिका असा त्यांचा प्रवास. आधी हे यंत्र इतकं अवजड आणि महाग होतं की वापरणं परवडेना. १९८० च्या सुमारास ते एका चिपवर बसलं आणि मग सगळीकडे गेलं. आज ते तुमच्या डेस्कफोनमध्ये आहे, मोबाईलमध्ये आहे.

इंटरनेटनं अंतर परत वाढवलं, केबलनं नाही तर उशिरानं, आणि जुना पाहुणा परत आला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुष्कळ भांडणं वाचतील. तुम्हाला तुमचाच आवाज परत ऐकू येत असेल तर गळती समोरच्याकडे आहे. त्याचा स्पीकर मोठा आहे, किंवा त्याच्या बाजूच्या सांध्यावर सांडतंय. आणि त्याला काहीच त्रास नाही! त्यामुळे तो म्हणणार, 'माझ्याकडे तर क्लिअर आहे.' तो खोटं बोलत नाही. ज्याला त्रास होतो त्याच्याकडे दोष नसतो, एवढंच.

तिसरी तक्रार त्या मानानं किरकोळ, पण माणसाला वेड लावणारी. कॉन्फरन्सचा पिन दाबतोय, दाबतोय, आणि बाई म्हणतेय 'इनव्हॅलिड'. बटण दाबलं की दोन सूर एकदम वाजतात, ही पद्धत अमेरिकेत नोव्हेंबर १९६३ मध्ये आली. आता आवाज कमी जागेत बसवायचा तर तो दाबावा लागतो. हे दाबण्याचं शास्त्र ज्यांनी घडवलं त्यात बिष्णू अटल हे मोठं नाव. कानपूरचा जन्म, हेही आयआयएससीतून गेलेले, हेही बेल लॅबमध्ये. त्यांच्या पद्धतीचं मर्म असं की आवाज जसाच्या तसा पाठवायचा नाही. माणसाचा घसा, तोंड त्या क्षणी कसं होतं याचं वर्णन पाठवायचं आणि पलीकडे त्यावरून आवाज पुन्हा तयार करायचा. जी.७२९ सारखी मानकं याच घराण्यातली, ६४ च्या जागी ८ किलोबिट. पण बटणाचा सूर काही कुणाच्या घशातून निघत नाही. घशाच्या मोजमापात तो बसवला की वाकडा होतो आणि पलीकडच्या यंत्राला ओळखू येत नाही. म्हणून २००० साली ठरलं की आकडा सूर म्हणून नाही, 'पाच दाबलं' असा निरोप म्हणून पाठवायचा. एका टोकानं निरोप पाठवला आणि दुसरं सुराची वाट बघत बसलं की पिन लागत नाही. दोघांनी दोन्ही केलं की एकदा दाबलेला पाच दोनदा लागतो. सेटिंगमध्ये एक ओळ बदलायची असते.

फोन मेल्याची तक्रार तर सोपीच. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, ४८ व्होल्ट, बॅटरीवरची. त्यामुळे घरात लाईट नसले तरी फोन चालू. लोडशेडिंगच्या काळात अंधारात मेणबत्ती लावून आपण एमएसईबीला फोन लावायचो तो याच जोरावर. नवा फोन ऑफिसच्या स्विचवर जगतो. २००३ च्या मानकानं नेटवर्कच्या केबलमधूनच वीज द्यायची सोय झाली, तीही साधारण ४८ व्होल्टच, पण स्विचच्या मागे यूपीएस नसेल तर फोन म्हणजे पेपरवेट.

आणि याच्या आसपासची एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ऑफिसच्या, हॉटेलच्या फोनवरून बाहेर लावायचं तर आधी ० किंवा ९ दाबायचं, ही सवय ईपीएबीएक्सच्या आधीपासूनची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. १ डिसेंबर २०१३ ला टेक्सासमधल्या मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट यांच्यावर हल्ला झाला. त्यांची नऊ वर्षांची मुलगी खोलीतल्या फोनवरून ९११ लावत होती. चार वेळा. शाळेत शिकवलं होतं अगदी तसंच. तिला कुणी सांगितलं नव्हतं की आधी आणखी एक ९ दाबायचा असतो. आई गेली. त्यांच्या नावानं अमेरिकेत २०१८ मध्ये कायदा झाला आणि फेब्रुवारी २०२० पासून बसवलेल्या यंत्रणांत ९११ थेट लागलंच पाहिजे असं बंधन आलं. सेटिंग बदलायला लागतात काही मिनिटं. तुमच्या ऑफिसच्या फोनवरून ११२ थेट लागतो का, हे सोमवारी ॲडमिनला विचारा.

असो. आता एकतर्फी आवाज.

इंटरनेटचे जुने पत्ते म्हणजे ३२ बिटांचे आकडे, एकूण सुमारे ४२९ कोटी. १९९० च्या दशकात ध्यानात आलं की हे पुरणार नाहीत. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तात्पुरता उपाय लिहून काढला: नॅट. चाळीची कल्पना करा. बाहेर एकच पत्ता, आत शंभर खोल्या. पत्र बाहेर जाताना वॉचमन त्यावर खोली नंबर खोडून चाळीचा पत्ता घालतो आणि वहीत टिपून ठेवतो. उत्तर आलं की वही बघून बरोबर खोलीत पोचवतो. लेखकांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की ही काही दीर्घकाळाची सोय नव्हे, आणि जे प्रोग्राम पत्राच्या आत स्वतःचा पत्ता लिहितात त्यांचं यानं बिघडेल. तात्पुरती सोय आज तीस वर्षांनंतरही आपल्या प्रत्येकाच्या घरात चालू आहे.

आणि पत्राच्या आत पत्ता लिहिणारा प्रोग्राम तर तयारच होत होता. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोला इंटरनेटवाल्यांची बैठक झाली तिचा आवाज नेटवर्कवरून जगभर सोडला होता. त्यातून कामं वाढली, मार्क हँडली आणि हेनिंग शुलझ्रिने यांच्यासारखी मंडळी लागली, आणि १९९९ मध्ये सिप आलं, ज्यावर आजचे बहुतेक डेस्कफोन चालतात. सिपच्या निरोपात आत एक चिठ्ठी असते, 'माझ्यासाठीचा आवाज या पत्त्यावर, या दारावर पाठवा.' ही चिठ्ठी मुळात एकाच वेळी अनेकांना ऐकवायच्या कार्यक्रमांसाठी लिहिलेली. तिथे पत्ता सगळ्यांना खुला, तेव्हा तो आत लिहिण्यात काहीच चूक नव्हती. दोन्ही मंडळींचं आपापल्या जागी बरोबर होतं.

आता माझ्या टेबलावरचा फोन निरोप पाठवतो, 'आवाज १९२.१६८.१.३७ वर पाठवा.' म्हणजे 'खोली नंबर ३७'. वॉचमन पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतल्या चिठ्ठीकडे बघत नाही. न्यू जर्सीतला पोस्टमन खोली नंबर ३७ शोधत फिरतो. आमचा आवाज जातो, त्यांचा येत नाही. डोंबिवलीकराला सगळं ऐकू येतं.

याच वहीचं दुसरं दुखणं म्हणजे फोनवरून कॉल करता येतो पण आलेला कॉल वाजतच नाही. बराच वेळ पत्र गेलं नाही की वॉचमन वहीतली ओळ खोडतो, यूडीपीच्या बाबतीत कधी अर्ध्या-एक मिनिटातच. फोन मात्र तासाला एकदा हजेरी लावतो. मधल्या वेळात तो चाळीत राहतो पण वहीत नसतो. वीस-तीस सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवत राहिलं की झालं.

यावर तोडगे निघाले. २००३ मध्ये स्टन आलं, ज्यात फोन बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतो, 'मी तुला कुठल्या पत्त्यावरून दिसतोय?' त्याच्या इंग्रजी नावातला पहिला शब्द 'साधं' अशा अर्थाचा होता. २००८ च्या आवृत्तीत लेखकांनी तो काढून टाकला :-) सर्व्हरही हुशार झाले: चिठ्ठीतला पत्ता खाजगी दिसला की तो बाजूला ठेवायचा आणि पाकीट जिथून आलं तिथेच आवाज धाडायचा. न्यू जर्सीतला सर्व्हर यातलाच होता. मग आमचं काय बिघडलं होतं?

ते कळलं आमच्या ऑपरेटर बाईंमुळे. ईपीएबीएक्स त्या सांभाळायच्या. नव्या फोनांशी त्यांचा संबंध नव्हता, पण तक्रार करायला दुसरी जागा नसल्यामुळे लोक रिसेप्शनवरच ओरडायचे, आणि बाई सवयीनं रजिस्टरमध्ये लिहून घ्यायच्या. तारीख, वेळ, एक्स्टेंशन, तक्रार. एप्रिलमध्ये मी वैतागून त्यांच्याकडे उभा होतो तर म्हणाल्या, "होल्डवरून परत आलं की जातो हो आवाज. एरवी नाही जात." मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. एकोणीस तक्रारी. सतरांसमोर 'होल्डनंतर'.

रविवारी ऑफिसात जाऊन वायरशार्क लावलं आणि होल्डवर टाकून परत घेतलेला एक कॉल उलगडला. राउटरमध्ये सिप एएलजी नावाची एक सोय असते. म्हणजे शहाणा वॉचमन: हा पत्र फोडून आतली चिठ्ठीही दुरुस्त करतो. आमच्या राउटरमध्ये ती कारखान्यातूनच चालू होती. कॉलच्या सुरुवातीला तो चिठ्ठी नीट दुरुस्त करायचा. होल्डवरून परत येताना चिठ्ठी पुन्हा जाते. तेव्हा तो चाळीचा पत्ता बरोबर घालायचा, पण दाराचा नंबर जुना, जो त्यानं स्वतःच तोवर बंद केलेला. आणि पत्ता खाजगी दिसत नसल्यामुळे तिकडचा हुशार सर्व्हर बिचारा विश्वास ठेवून त्या बंद दारावर आवाज टाकत बसायचा. शहाणपणा बंद केला असता तर सर्व्हरनं आपोआप निभावून नेलं असतं.

एका चौकोनातली टिकमार्क काढायची होती. सोमवारी सकाळी राउटरचा पासवर्ड ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडून ती काढून घेतली. दिवसभर मुद्दाम कॉल होल्डवर टाकले. एकदाही आवाज गेला नाही.

संध्याकाळी मी त्या मुलाला फोन केला, जुन्या फोनवरून. त्याला चाकणला एका कारखान्यात काम लागलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं, रजिस्टर, होल्ड, एएलजी. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, मी फेब्रुवारीतच लिहिलं होतं, राउटरमध्ये एकदा बघू द्या म्हणून. पासवर्ड मला कधी दिलाच नाही ना. कंत्राटीला देत नाहीत."

मी विचारलं, कुणाला लिहिलं होतंस? त्यानं सांगितलं, त्या ईमेलमध्ये कॉपीत मीही होतो.

फोन ठेवल्यावर शोधून पाहिलं. १९ फेब्रुवारी, चार ओळी, न वाचलेली.